आधी मोजा, मग टेबल घ्या

वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळा आणि उपकरणं

गेल्या अंकात या सदरात मी लिहिलं होतं की आपल्याकडे महागडं उपकरण आधी येतं आणि त्याच्यासाठी खोली नंतर शोधली जाते. त्या एका वाक्यावर पत्रांचा पाऊस पडला. बहुतेकांची तक्रार एकच आहे, उपकरण स्थिर राहत नाही. माझी सगळी नोकरी एका संशोधन संस्थेच्या उपकरण विभागात, ही थरथर शोधण्यात गेली. त्यामुळे या वेळी दुसरा विषय न घेता याच पत्रांना उत्तरं देते.

प्रश्न : आमच्या रसायनशास्त्र विभागात पाच दशांश स्थळांचा डिजिटल तराजू आहे. शेवटचे दोन आकडे सतत पळत असतात. कंपनीचा माणूस कॅलिब्रेशन करून जातो, चार दिवसांनी पुन्हा तेच. सर म्हणतात, खाली रबराचे तुकडे टाक. टाकू का?
– प्रयोगशाळा साहाय्यक, कराड

रबर टाकू नका. निदान आत्ता तरी नको. आधी आकडे नेमके कसे पळतात ते शांतपणे बघा.

पाच दशांश स्थळं म्हणजे ग्रॅमचा लाखावा भाग. इतक्या बारकाईला तराजूला त्रास देणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात आणि कंपन ही त्यातली एकच. आकडा एकाच दिशेनं हळूहळू सरकत असेल, तर ते कंपन नाही. ओव्हनमधून काढलेली क्रुसिबल (पदार्थ तापवायची छोटी कुपी) पुरती थंड व्हायच्या आत ठेवली, की तिच्याभोवतीची गरम हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. क्रुसिबल थंड होत जाते तसा आकडा वाढत जातो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या बोटीवर (वजन करायच्या पसरट भांड्यावर) स्थिर विद्युतभार साठतो, त्यानंही आकडा सरकतो. दोन्हींवर कॅलिब्रेशनचा काही उपयोग नाही.

आकडा वर-खाली दोन्हीकडे उड्या मारत असेल, तर एक तर झुळूक आहे नाही तर कंपन. या दोघांना वेगळं करायचं. पंखा, एसी आणि फ्यूम हूडचा (रासायनिक वाफा ओढणाऱ्या कपाटाचा) ब्लोअर बंद करा, तराजूची काचेची दारं लावून घ्या, प्रमाणित वजन ठेवा आणि थोडा वेळ थांबा. आकडा बसला, तर तुमचा त्रास हवेचा होता. मग एकेक गोष्ट चालू करत जा. सगळं बंद असूनही आकडा नाचत असेल, तर कुणाला तरी व्हरांड्यातून चालायला सांगा, शेजारच्या खोलीचं दार लावायला सांगा. पावलागणिक आकडा हलला तर त्रास जमिनीतून येतोय.

आता ओट्याचं. आपल्या बहुतेक कॉलेजांत तराजू कडप्प्याच्या लांब ओट्यावर असतो. कडप्पा जड आहे म्हणून तो स्थिर आहे असं सगळे धरून चालतात. पण दोन टोकांना टेकलेला लांब कडप्पा मधोमध डोलतो, आणि तराजू नेमका मधोमध ठेवलेला असतो, कारण तिथे वीज मिळते. तो आधाराच्या अगदी वर सरकवा. त्याहून चांगलं म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात, खांबाजवळ, विटांच्या दोन पायांवर जाड दगड मांडा आणि तो दगड भिंतीला टेकू देऊ नका. भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात. दोन्हींना धरून ठेवलेल्या दगडाला दोन्हींची थरथर मिळते. हलवल्यानंतर तराजूच्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आणायला आणि पुन्हा कॅलिब्रेट करायला विसरू नका.

रबराला माझा विरोध का, तेही सांगते, कारण हे गणित पुढच्या उत्तरांतही लागणार आहे. स्प्रिंग किंवा रबर वजनाखाली जितकं दबतं, त्यावरून त्याची स्वतःची लय ठरते. दबलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्यानं भागा. उत्तर हर्ट्झमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती वेळा. रबर २ मिलिमीटर दबलं तर साधारण ११ हर्ट्झ. या लयीच्या जवळचं कंपन रबर वाढवून वर पोचवतं. कमी करायला ते सुरुवात करतं लयीच्या १.४ पटीच्या पुढे, म्हणजे जेमतेम १६ हर्ट्झनंतर. आणि वरच्या मजल्यांचे स्लॅब बहुधा ५ ते १५ हर्ट्झच्या आसपासच डोलतात. म्हणजे रबर टाकून तुम्ही नेमक्या त्याच कंपनाला हातभार लावाल.

प्रश्न : मॅडम, मी पीएचडी करते. आमच्या एएफएमवर दिवसा घेतलेल्या प्रत्येक चित्रात तिरक्या लाटा येतात. रात्री नऊनंतर चित्र स्वच्छ येतं. गाइड म्हणतात, ॲक्टिव्ह टेबलचा प्रस्ताव पाठवू. तोपर्यंत मी रात्रपाळीच करायची का?
– संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

रात्रपाळी काही आठवडे करावी लागेल कदाचित, पण प्रस्ताव इतक्यात पाठवू नका. त्रास कुठून येतोय ते तुमच्या चित्रातच लिहिलेलं आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ॲक्टिव्ह टेबल म्हणजे कंपन मोजून लगेच उलटं ढकलणारं टेबल. एएफएम म्हणजे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप. त्यात एक अतिसूक्ष्म सुई नमुन्यावरून ओळीओळीनं फिरते आणि पृष्ठभागाचे चढउतार चाचपते. हे चढउतार नॅनोमीटरचे, कधी त्याहूनही कमी. सुई आणि नमुना दोघंही एकत्र हलले तर काही बिघडत नाही. एक हलला आणि दुसरा मागे राहिला, की ते अंतर चित्रात उतरतं.

आता लाटा मोजा. तुमचा स्कॅन सेकंदाला एक ओळ असेल, तर सुई अर्धा सेकंद जाते आणि अर्धा सेकंद परत येते. जाण्याच्या एका ओळीत १२ लाटा दिसल्या, तर कंपन सेकंदाला २४ वेळा होतंय. लगेच स्कॅनचा वेग दुप्पट करा. लाटा १२ च्या ६ झाल्या, तर नक्की बाहेरचं कंपन आहे. १२ च राहिल्या, तर ती नमुन्याचीच नक्षी आहे, किंवा सुईची हालचाल टिपणारा लेझर नमुन्यावरून परावर्तित होऊन पडलेले पट्टे आहेत. त्यावर कुठलंही टेबल घेऊन उपयोग नाही.

२४ हा आकडा मी उगीच घेतला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चार ध्रुवांची इंडक्शन मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा मागे राहते, नेमप्लेटवर बहुधा १४४० च्या आसपास आकडा असतो. १४४० भागिले ६० म्हणजे २४. एएचयूचा (इमारतीच्या एसीची हवा फिरवणाऱ्या यंत्राचा) ब्लोअर, पाण्याचा पंप, रोटरी व्हॅक्यूम पंप, सगळीकडे हीच मोटर बसलेली असते. दोन ध्रुवांची असेल तर ४८ च्या जवळ. आणि बरोबर ५० आलं, एक दशांशही कमी नाही, तर मोटरीवर संशय घेऊ नका. ती वीज आहे. अर्थिंगमधला घोळ किंवा जवळून गेलेली केबल असणार. मोटर नेहमी थोडी मागे राहते आणि वीज राहत नाही, या फरकानं मला अनेकदा योग्य दारापर्यंत नेलंय. (मोटर व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, असेल तर आकडा काहीही येऊ शकतो. तेव्हा ड्राइव्हच्या पडद्यावरचा आकडा टिपा.)

४८ आणि ५० मधला फरक लाटा मोजून खात्रीनं सांगता येत नाही. त्यासाठी स्कॅनचा आकार शून्य करा, सुई एका जागी टेकवून ठेवा आणि १० सेकंदांचा सिग्नल साठवून त्याचा स्पेक्ट्रम (कुठल्या लयीचं कंपन किती, याचा आलेख) काढा. मग हर्ट्झच्या दहाव्या भागापर्यंत फरक दिसेल.

आकडा हातात आला की इमारतीत फिरायला निघा. इथे तुमचा मोबाइल उपयोगी आहे. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठानं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप केलंय. पंपाच्या किंवा ब्लोअरच्या बॉडीवर मोबाइल घट्ट टेकवला की त्याची लय मिळते. प्रयोगशाळेची जमीन मात्र मोबाइलनं मोजू नका. तिथलं कंपन इतकं लहान असतं की मोबाइलच्या सेन्सरचा स्वतःचा गोंगाटच त्याहून मोठा ठरतो. आमच्या वर्कशॉपमधले एक ज्येष्ठ फिटर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरीच्या बेअरिंगवर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवून बेअरिंग ऐकायचे. कुठलं बेअरिंग गेलंय ते ते मिनिटात सांगत. ही विद्या अजून चालते, मी आजही तशीच ऐकते.

रात्री नऊला नेमकं काय बंद होतं, ते इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. बहुतेक वेळा एएचयू निघतो. मग रविवारी रीतसर परवानगी घेऊन दिवसा तो एकटाच बंद करा आणि स्कॅन घ्या. लाटा गेल्या, तर गुन्हेगार सापडला. त्याचा बेल्ट सैल असेल, पंख्याच्या पात्यांवर एका बाजूला धूळ साठून तोल गेला असेल, खालच्या स्प्रिंगा गंजून बसल्या असतील किंवा डक्ट स्लॅबला थेट लोखंडी पट्टीनं आवळलेला असेल. ही दुरुस्ती देखभालीच्या पैशांत होते आणि तिचा फायदा त्या मजल्यावरच्या सगळ्यांना मिळतो. उगमाशीच थांबवलेलं कंपन तुमच्यापर्यंत येतच नाही. म्हणून मी टेबलाआधी मोटरीकडे जाते.

आणि तोपर्यंत रात्रपाळी टाळायची असेल, तर जगभरच्या प्रयोगशाळांतली जुनी युक्ती आहे. एएफएमचं डोकं एका जाड दगडी लादीवर ठेवतात आणि ती लादी चार बंजी कॉर्डना टांगतात. दोऱ्या वजनानं २५ सेंटिमीटर ताणल्या गेल्या, तर वरच्या गणितानं लय येते १ हर्ट्झ. बंजीची प्रत्यक्षात थोडी वर येईल, पण २४ हर्ट्झच्या मानानं ती फार खाली आहे. लयीच्या दहापट वर गेलं की कंपन साधारण शंभराव्या भागावर येतं, २४ पट वर तर पाचशेव्या भागाच्याही खाली. अट एकच. केबल मऊ, सैल आणि मोठा वळसा घेऊन आली पाहिजे. महागातली एअर टेबलं, म्हणजे हवेच्या उशांवर तरंगणारी टेबलं, शेजारच्या भिंतीला चिकटलेली, किंवा ताठ नळीनं पंपाशी जोडलेली, मी इतकी पाहिली आहेत की मन खट्टू होतं. नळी ताठ असली की टेबल असून नसल्यासारखं. रोटरी पंपाची नळी वाळूच्या पेटीतून नेली, तर तिची थरथर वाळूत जिरते.

बिनिग आणि रोहरर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत टनेलिंग मायक्रोस्कोप उभा केला, तेव्हा याच प्रश्नानं त्यांना सर्वांत जास्त छळलं होतं. सुई आणि नमुन्यातलं अंतर नॅनोमीटरच्या दहाव्या भागानं बदललं की त्यांच्यामधला विजेचा प्रवाह साधारण दसपट बदलतो. त्यांनी पहिलं उपकरण अतिवाहक शिशाच्या भांड्यात चुंबकांवर तरंगवलं होतं. पुढे तो सगळा खटाटोप सोडून साध्या स्प्रिंगा आल्या, मग धातूच्या चकत्यांच्या थरांमध्ये व्हिटॉन रबराचे तुकडे आले आणि उपकरण लहान, ताठ होत गेलं. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला त्या पुरस्काराइतकंच त्या चकत्यांचं कौतुक वाटतं. उपकरणच ताठ केलं, की सुई आणि नमुना एकत्र हलतात आणि बाहेरच्या कंपनाची मजाल उरत नाही.

ॲक्टिव्ह टेबल वाईट नाही. इमारत २-३ हर्ट्झला डोलत असेल तर साधं एअर टेबल तिथे उलट भर घालतं, कारण त्याची स्वतःची लय त्याच्याच आसपास असते. तिथे ॲक्टिव्हला पर्याय नाही. पण तुमचा आकडा २४ निघाला, तर त्या प्रस्तावाचे पैसे विभागाच्या दुसऱ्या कामी येतील.

प्रश्न : आमच्या संस्थेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मंजूर झाला आहे. तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे, पण जवळून मेट्रो जाते आणि खोलीला लागून लिफ्ट आहे. आर्किटेक्ट म्हणतात, जमिनीला काहीच जाणवत नाही, खोली उत्तम आहे. मत द्यावे.
– विभागप्रमुख, नागपूर

जाणवत नाही, हे उत्तर मी स्वीकारणार नाही, तुम्हीही स्वीकारू नका. सेकंदाला साधारण १०० मायक्रोमीटर वेगाच्या खालचं कंपन माणसाला जाणवतच नाही. ऑपरेशन थिएटरसाठीची मर्यादा तेवढीच धरतात. एरिक अंगर आणि कॉलिन गॉर्डन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नाजूक उपकरणांसाठी ज्या पायऱ्या ठरवल्या, त्या तिथून खाली सुरू होतात. त्यांना व्हीसी, म्हणजे व्हायब्रेशन क्रायटेरिया म्हणतात. व्हीसी-ए म्हणजे ५० मायक्रोमीटर प्रति सेकंद, मग बी २५, सी १२.५, डी जवळपास ६ आणि ई जवळपास ३. चांगल्या तराजूला आणि साध्या मायक्रोस्कोपला ए पुरतो. चांगल्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला डी किंवा ई लागतो. म्हणजे पायाला कळतं त्याच्या पंधराव्या-तिसाव्या भागापर्यंत शांतता हवी.

कंपनीकडून प्री-इन्स्टॉलेशन गाइड आजच मागवा. त्यात दर फ्रीक्वेन्सीला किती कंपन चालेल याचा आलेख असतो. मग खोलीत मोजणी करून घ्या, तिन्ही दिशांना, कामाच्या दिवशी सलग चोवीस तास, आणि मेट्रो जातानाचा भाग वेगळा काढून. मोजणाऱ्या एजन्सीला विचारा, सेन्सर कुठला आणणार. कारखान्यात यंत्रांवर लावतात तो १ जी ला (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) १०० मिलिव्होल्ट देणारा सेन्सर इथे निरुपयोगी आहे. व्हीसी-डीचं कंपन ५ हर्ट्झला जेमतेम १९ मायक्रो-जी असतं, त्यावर तो सेन्सर २ मायक्रोव्होल्टही देत नाही आणि अहवालात त्याचा स्वतःचाच गोंगाट छापून येतो. १ जी ला १० व्होल्ट देणारा सेन्सर हवा किंवा जिओफोन, म्हणजे जमिनीचं कंपन मोजणारा सेन्सर, हवा. आणि अहवालासोबत कच्चा डेटा मागा. गुळगुळीत पीडीएफवर सही करू नका.

माणसांच्या वर्दळीचा हा गोंगाट किती खरा आहे ते २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. जगभरच्या भूकंपमापकांवर माणसांमुळे होणारं कंपन काही ठिकाणी निम्म्यापर्यंत उतरलं होतं.

लिफ्टची मला मेट्रोपेक्षा जास्त काळजी वाटते, आणि ती कंपनामुळे नाही. लिफ्ट म्हणजे वर-खाली जाणारा लोखंडाचा मोठा ठोकळा. ती हलली की आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि इलेक्ट्रॉनांचा झोत त्यानं वाकतो. चित्रात येणारी थरथर अगदी कंपनासारखी दिसते. ओळखायची एक पद्धत सांगते. मायक्रोस्कोपचा व्होल्टेज बदलून बघायचा. व्होल्टेज वाढवल्यावर थरथर कमी झाली तर ती चुंबकीय आहे, कारण वेगवान इलेक्ट्रॉन कमी वाकतात. तेवढीच राहिली तर यांत्रिक. तेव्हा मोजणीत चुंबकीय क्षेत्रही घ्या, ट्रान्सफॉर्मर आणि मेन पॅनल किती जवळ आहेत तेही बघा.

खोली बदलायला लागली तर त्यात कमीपणा मानू नका. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा कुलाबा वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी अलिबागला हलवली. नानाभॉय मूस तेव्हा संचालक होते. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. अलिबागची ती नोंद आजही चालू आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसननंही १८८१ मध्ये प्रकाशाचा प्रयोग बर्लिनमध्ये मांडला होता. शहराच्या वर्दळीनं मध्यरात्रीनंतरही प्रकाशाचे पट्टे स्थिर होईनात, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत नेलं. तिथेही शंभर मीटरवर कुणी फरसबंदीवर पाय आपटला की पट्टे दिसेनासे होत, असं त्यानं लिहून ठेवलंय.

तीच खोली घ्यायची ठरली, तर मायक्रोस्कोपखालची फरशी कापून तिथे जाड काँक्रीटचा वेगळा ठोकळा करा आणि भोवतालच्या फरशीपासून त्याला फट ठेवा. फट मऊ भरावानं भरा, नाहीतर झाडूवाल्या मावशी आणि बांधकामातला चुरा मिळून ती वर्षभरात कडक करून टाकतात. आणि ठोकळा कशावर बसणार ते खणून बघा. खाली काळी कापसाची माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तुमचा ठोकळा ऋतूप्रमाणे कलतो. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जा. पंप, चिलर आणि कॉम्प्रेसर शेजारच्या खोलीत, वेगळ्या फरशीवर. एका संस्थेत मायक्रोस्कोपच्या नेमक्या डोक्यावरच्या स्लॅबवर एएचयू बसवलेला मी पाहिलाय. नकाशावर पेन्सिलनं खोडून जे काम झालं असतं, त्यासाठी नंतर छत फोडावं लागलं. तुमचा नकाशा अजून कागदावर आहे ना, तोवर आर्किटेक्टना एएचयूची जागा विचारा.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो उभारलं जातंय. मुलं विचारतात, आपले ट्रॅक्टर, विहिरीचे पंप, रस्त्यावरचे ट्रक यांनी ते यंत्र बिघडेल का? आणि मग आपल्याला शेती बंद करायला सांगतील का? भूकंपाचे लहान धक्केही आमच्या भागात बसतात.
– शिक्षक, हिंगोली जिल्हा

गुरुजी, हा प्रश्न वर्गातून आला याचा मला फार आनंद झाला. मुलांसाठी आधी एक प्रयोग. गवंड्याकडून ओळंबा आणा. दोरी हातात धरून हात अगदी सावकाश डावीकडे-उजवीकडे न्या. ओळंबा हाताबरोबर जाईल. आता हात भराभर हलवा. ओळंबा जवळपास जागचा हलणार नाही. दोरी एक मीटर असेल तर त्याची लय दोन सेकंदांना एक फेरी. त्याहून बऱ्याच वेगानं हात हलला, की ओळंब्याला ते पोचत नाही.

लायगो म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशालाच ताणत-आवळत येणाऱ्या लाटा, टिपणारं यंत्र. त्याचे आरसे असेच टांगलेले असतात. अमेरिकेतल्या दोन केंद्रांत प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत आणि टोकाला ४० किलोचा आरसा. तो एका लंबकाला नाही, चार लंबकांच्या साखळीला टांगलाय, आणि शेवटचा टप्पा काचेच्या बारीक धाग्यांचा आहे. एका लंबकानं कंपन शंभरपट कमी केलं, तर चार मिळून हिशेबानं १० कोटी पट. त्याच्याही वर जो मंच आहे तो जमिनीची हालचाल मोजतो आणि क्षणोक्षणी उलट्या दिशेनं ढकलून ती खोडून काढतो. इतकं सगळं यासाठी, की १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर आली तेव्हा भुजांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाइतका होता.

म्हणजे ट्रॅक्टर चालणार हे धरूनच यंत्राचा आराखडा असतो. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला केंद्राच्या आसपास पाइनचं जंगल आहे. तिथली झाडतोड आणि जवळून जाणारी मालगाडी यांनी सुरुवातीच्या यंत्राला दिवसा काम करू दिलं नव्हतं. त्यावर त्यांनी जंगलतोड बंद पाडली नाही, यंत्राखाली हायड्रॉलिक प्रणाली बसवली. जमिनीतलं कंपन अंतरानं लवकर विरतं, त्यामुळे दूरच्या शेतातल्या ट्रॅक्टरपेक्षा केंद्राच्या आवारातला स्वतःचा पंप जास्त त्रास देतो. अमेरिकेतल्याच हॅनफर्डच्या केंद्रात २०१७ मध्ये अचानक विचित्र खुणा दिसू लागल्या. शोधत गेल्यावर कळलं, थंड नायट्रोजनच्या नळीवर जमलेलं बर्फ डोमकावळे चोचीनं टोचत होते. नळी थेट व्हॅक्यूमच्या यंत्रणेला जोडलेली होती. मुलांना ही गोष्ट नक्की सांगा.

काळजी करण्याजोग्या गोष्टी आहेत त्या मोठ्या. जवळून नवी रेल्वे, दगडखाणीतले सुरुंग, जड कारखाने. तुमचा भाग निवडण्यात तो मुळात शांत आणि विरळ वस्तीचा आहे याचा मोठा वाटा आहे. धक्क्यांचं म्हणाल तर लहान धक्का बसला की यंत्राची जुळणी सुटते आणि पुन्हा बसवावी लागते. दूर देशातल्या मोठ्या भूकंपानंही तेच होतं, अमेरिकेतल्या केंद्रांना त्याची सवय आहे. आणि एक कंपन तर कुणालाच थांबवता येत नाही, ते समुद्राचं. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की लाटांचा दाब तळावर पडून पाच-सात सेकंदांना एक असा अगदी संथ हेलकावा जमिनीतून देशभर पसरतो. ओळंब्याचा प्रयोग आठवा, सावकाश हललेल्या हाताबरोबर ओळंबा जातो. म्हणून या हेलकाव्याशी लंबक लढू शकत नाहीत, तिथे तो स्वतः ढकलणारा मंच कामी येतो. मराठवाड्यात बसून यंत्र कोकणातला पावसाळा ओळखेल, हे मला फार विलक्षण वाटतं.

केंद्र सरकारनं या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मान्यता दिली, साधारण २६०० कोटी रुपयांची. त्यात पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्थाही आहे. शेती, रस्ते आणि खाणींबद्दल काय नियम होतील, हे तुमच्या मुलांनी त्यांना पत्र लिहून विचारावं. जमीन तुमची आहे, प्रश्न विचारायचा पहिला हक्क तुमचा.

प्रश्न : गच्चीवर आठ इंची दुर्बीण लावतो. २०० पट मोठं करून बघताना गुरू नाचतो. काय करू?
– हौशी आकाशनिरीक्षक, सोलापूर

दुर्बिणीच्या नळीला बोटानं हलकी टिचकी मारा आणि आयपीसमध्ये बघा. थरथर एक-दोन सेकंदांत शमली तर स्टँड ठीक आहे. पाच सेकंद चालली तर तिकाटण्याचे पाय आत घ्या, सांधे आवळा आणि मधोमध पाण्याचा भरलेला कॅन टांगा, फक्त तो जमिनीला किंवा पायांना लागू देऊ नका. टिचकी न मारताही गुरू नाचत असेल तर गच्चीचा स्लॅब हलतोय. पाहुण्यांना बसवून ठेवा आणि तिकाटणं स्लॅबच्या मधून काढून खांबाच्या डोक्यावर न्या. तरीही कडा उकळत्या पाण्यासारखी दिसत असेल, तर ती तापलेल्या गच्चीची हवा आहे. मध्यरात्रीपर्यंत थांबा.

पुढच्या अंकासाठी लिहिताना उपकरण कुठल्या मजल्यावर आहे, खांब किती दूर आहे, आजूबाजूला कुठल्या मोटरी आहेत आणि त्यांच्या नेमप्लेटवर किती फेरे लिहिलेत, एवढं कळवा. चित्र पाठवणार असाल तर स्कॅनचा वेगही लिहा. तो नसला तर लाटा मोजता येत नाहीत.